कोरीची पिल्लं आणि जास्तीचा घास

कोरीडोरसची पिल्लं उपासमारीनं मेलेली मी फारशी पाहिलेली नाहीत. खाऊ घालून मारलेली मात्र भरपूर पाहिली, आणि त्यांतली पहिली खेप आमच्याच घरातली होती. ज्यांच्या टाकीच्या काचेवर यंदा पहिल्यांदाच अंडी चिकटलेली दिसली असतील, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

घोळ दुकानातूनच सुरू होतो. ‘तळ साफ करणारा मासा’ म्हणून आपल्या गळ्यात कोरी मारली जाते. उरलंसुरलं खाईल, वेगळं काही घालायला नको, असं सांगितलं जातं. त्यामुळे या माशाला घाण मानवते अशी समजूत पक्की होते. खरं तर तळाशी मिशा घासत हिंडणारा हा मासा घाणीनं सगळ्यांत आधी पोळतो. मिशा झिजलेली कोरी दिसली तर दोष बहुतेक वेळा तळाचा असतो.

अंडी मिळवणं हे या कामातलं सोपं प्रकरण. ठिपकेवाली पेपर्ड कोरी, जिचे नमुने डार्विननं ‘बीगल’च्या सफरीत गोळा केले होते, ती पॅरिसमध्ये कार्बोनिए यांनी 1878 मध्येच टाकीत वाढवली होती. आपल्याकडे तर निसर्गच मदतीला येतो. दक्षिण अमेरिकेतल्या या माशांना पाऊस हीच खूण: हवेचा दाब उतरतो, पाणी दोन-तीन अंशांनी गार होतं आणि कोऱ्या काचेवरून वरखाली पळू लागतात. जूनमध्ये गार पाणी घालून अर्धी टाकी बदलली की दुसऱ्या दिवशी सकाळी अंडी, हे अनेकांनी पाहिलेलं असतं. मादी नराच्या पोटाशी तोंड लावून आडवी राहते, दोघांचा मिळून इंग्रजी टी होतो. मग पोटाखालच्या परांच्या ओंजळीत दोन-चार अंडी धरून ती जागा शोधत फिरते, काच तोंडानं पुसते आणि तिथं अंडी चिकटवते. ब्राँझ कोरीची मादी नराचं वीर्य चक्क गिळते आणि ते आतड्यातून भरकन पुढे जाऊन अंड्यांपर्यंत पोचतं, असं जपानी संशोधकांनी 1995 मध्ये दाखवून दिलं. इतका खटाटोप करणारे हे आईबाप तासाभरात तीच अंडी खायलाही कमी करत नाहीत.

म्हणून अंडी वेगळी काढायची. घातल्याबरोबर हात लावू नका. थोड्या वेळानं कवच घट्ट होतं, मग बोटानं हलकेच गोल फिरवली की सुटून येतात. छोट्या डब्यात त्याच टाकीचं पाणी, मंद हवा आणि देशी बदामाचं वाळलेलं पान. बुरशीसाठी मेथिलीन ब्लूचे दोन-तीन थेंब चालतात, पण त्या पाण्यात फिल्टरचा स्पंज ठेवू नका, त्यावरचे उपयोगी जीवाणूही औषध मारतं. पांढरी पडलेली अंडी रोज ड्रॉपरनं उचलायची. फळलेली अंडी तांबूस होत जातात आणि तीन ते पाच दिवसांत फुटतात.

खरा धोका इथून पुढे. बाहेर आलेलं पिल्लू जेमतेम अर्धा सेंटिमीटरचं असतं आणि पोटाला बलकाची शिदोरी बांधूनच येतं. दोन दिवस त्याला काहीही लागत नाही. पण आपल्याला धीर कुठला! आमच्या आईनं पहिल्याच संध्याकाळी टाकीत डोकावून, “मुकी पोरं रे, दोन घास जास्तच टाक,” असं बजावलं होतं. दुकानदाराचा सल्ला उकडलेल्या अंड्याचा बलक फडक्यातून गाळून घालण्याचा होता. हा सल्ला आपल्याकडे पिढ्यान् पिढ्या चालत आलेला आहे, आणि कोरीच्या पिल्लांपुरता तरी तो विसरलेला बरा. बलकाचे कण तळाशी बसतात, थोडे खाल्ले जातात आणि उरलेले रात्रीतून कुजतात. सकाळी टाकीवर दुधट झाक होती, वास येत होता आणि पिल्लं कोपऱ्यात कुशीवर पडली होती. त्यांची पोटं भरलेली होती, हे विशेष.

कारण साधं आहे. मासे कल्ल्यांवाटे अमोनिया टाकतात, कुजणारं खाद्य त्यात भर घालतं. जुन्या टाकीत स्पंजवर आणि खड्यांवर वसलेले जीवाणू त्याचं आधी नायट्राइट, मग नायट्रेट करतात. ही वस्ती नव्या टाकीत उभी राहायला चार ते सहा आठवडे लागतात. अंडी फुटायला चार दिवस. या दोन आकड्यांच्या मधल्या काळात बहुतेकांची पिल्लं जातात. त्यामुळे पिल्लांच्या टाकीसाठी नवाकोरा फिल्टर आणू नका. एखादा छोटा स्पंज महिनाभर आधीपासून मोठ्या टाकीत चालू ठेवा आणि वेळ आली की तोच उचलून इकडे लावा. पिल्लांच्या टाकीत माती-खडे नकोत, तळ मोकळा असावा. पाण्याची उंची चार-पाच इंच पुरे, कारण कोरी अधूनमधून वर येऊन हवेचा घोट घेते आणि ती हवा आतड्यातून शोषते; पिल्लांनाही ही फेरी मारावी लागते. पाण्यावर तेलकट साय धरली असेल तर कागदानं टिपून घ्या.

पाणी नितळ दिसतं म्हणून फसू नका. तळावरून बोट फिरवून पाहा. बोटाला बुळबुळीत लागलं तर तिथं जीवाणूंचा थर धरला आहे, आणि पिल्लं दिवसभर पोट टेकून बसतात ती त्याच थरावर. मी रोज मऊ स्पंजच्या तुकड्यानं तळ पुसतो आणि एअर पंपाच्या बारीक नळीनं एक तृतीयांश पाणी खेचून घेतो. पाणी पांढऱ्या बादलीत काढावं; नळीतून आलेली पिल्लं तिच्यात चटकन दिसतात. ती कपानं उचलून परत सोडायची, जाळीनं नाही, कारण परांचे काटे जाळीत अडकतात.

नवं पाणी आदल्या दिवशी भरून ठेवलेलं, तितक्याच तापमानाचं हवं. कोरी अंडी घालतात त्याच पावसाळ्यात नळाच्या पाण्याला क्लोरीनचा वासही जास्त येतो. अँटीक्लोरीन घातल्याशिवाय एक तांब्याही ओतू नका. वीज जाण्याचे दिवसही तेच, म्हणून सेलवर चालणारा पंप घरात असू द्या.

खायला काय, तर मायक्रोवर्म आणि ताजा फुटलेला आर्टेमिया. मायक्रोवर्मचं विरजण कुणा माशेवाल्याकडून मिळतं. ओट्सच्या लगद्यावर चिमूटभर यीस्ट टाकून ते डब्यात वाढतं आणि किडे भिंतीवर चढले की बोटानं निपटून घेता येतात. ते तळाशी जातात आणि बराच वेळ जिवंत राहतात, म्हणजे लगेच कुजत नाहीत. आर्टेमियासाठी प्लास्टिकची बाटली उलटी टांगून लिटरभर पाण्यात 25 ते 30 ग्रॅम मीठ, जोरात हवा आणि 26–28 अंश तापमान, एवढं पुरतं. साधारण 24 तासांत अंडी फुटतात. हवा बंद केली की टरफलं वर तरंगतात; खालचे नारिंगी जीव तेवढे काढून गोड्या पाण्यात धुऊन घाला. टरफलं पिल्लांच्या पोटात जाता कामा नयेत. गोड्या पाण्यात आर्टेमिया काही तासांतच मरतो, म्हणून एका वेळी चिमूटभरच द्यायचा.

किती घातलं ते चमच्यात मोजू नका, टॉर्च मारून पिल्लांची पोटं पाहा. पारदर्शक पोटात नारिंगी ठिपका दिसला की जेवण झालं. तासाभरानं तळाशी काही उरलं असेल तर खेचून काढा. चार-दोन रॅमशॉर्न गोगलगायी उष्टं खाऊन टाकतात, पण त्यांच्या भरवशावर पुसणं सोडू नका.

आणि रोज अर्धा तास काढणं जमणार नसेल, तर अंडी हलवूच नका. मोठ्या टाकीत जावा मॉसचा दाट झुपका ठेवा. बरीच अंडी खाल्ली जातील, पण वाचतील ती दोन-तीन पिल्लं जुन्या, मुरलेल्या पाण्यात वाढतील. हौशी मंडळी याला आळस म्हणतात. नोकरी करणाऱ्या माणसाला मी हाच मार्ग सुचवतो.

दीड सेंटिमीटरची झाली की पिल्लं मोठ्या टाकीत जाऊ शकतात. जास्त झाली तर तलावात किंवा नदीत सोडायची नाहीत. असेच टाकीतून बाहेर गेलेले सकर मासे आता उजनीच्या पाण्यात जाळ्यात येतात. ओळखीच्यांना द्या, नाही तर दुकानदाराला. तो पैसे क्वचित देतो, बदल्यात खाद्याचा डबा पुढे करतो. डबा घ्या, फक्त त्यावर दिवसातून किती वेळा खायला घालायचं ते छापलेलं असतं, तेवढं वाचू नका.