जुन्या .२२ रायफलीची ओढ

प्रश्न : दिवंगत आजोबांच्या परवान्यावरील जुनी .२२ रायफल घरात आहे. अशा रायफलींचे आकर्षण आजही का टिकून आहे?
— एक वाचक, धामणगाव बढे (जि. बुलढाणा)

उत्तर : .२२ रायफलीच्या ‘रिमफायर’ काडतुसात आघाताने पेटणारा मसाला तळाच्या मधोमध नसून पितळी कडेच्या पोकळीत असतो, त्यामुळे रिकाम्या पुंगळीच्या काठावर बारीक खाच उमटते; गोळी हलकी आणि दारू कमी असल्याने धक्काही नगण्य बसतो. १८८७ पासूनचे .२२ लाँग रायफल काडतूस आजही प्रचलित असल्याने, नळीतील आटे शाबूत असलेली जुनी रायफल तपासणीनंतर नेमबाजीस चालते. स्वप्नील कुसाळे यांचे २०२४ चे ऑलिंपिक कांस्यपदकही याच काडतुसाच्या प्रकारातील आहे. मात्र शस्त्र अधिनियम, १९५९ नुसार परवाना व्यक्तीला मिळतो. म्हणून वारसाने स्वतःचा परवाना मिळेपर्यंत रायफल पोलीस ठाण्यात किंवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करणे आवश्यक ठरते.