जुन्या पिकअप गाडीची घरगुती दुरुस्ती

पालघर व बोईसर-तारापूर भागात भाजीपाला किंवा चिकू बाजारात नेण्यास नवी गाडी परवडत नसल्यास जुनी पिकअप घेऊन घरी दुरुस्त करता येते. मात्र या किनाऱ्यावर गाडीचा मोठा शत्रू गंज होय. खाऱ्या वाऱ्याने लोखंड लवकर झिजते. सातपाटीसारख्या बंदरावरून मासळी वाहिलेल्या गाडीच्या हौद्यातून तर खारट पाणी खाली झिरपलेले असते.

म्हणून सौद्यापूर्वी चेसिस, म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा, खालून हातोडीने ठोकून पाहावी. आवाज बद्द आला किंवा लोखंडाचे पापुद्रे सुटले, तर गाडी स्वस्तातही घेऊ नये.

खर्चाचा क्रम असा ठेवावा : प्रथम ब्रेक, स्टिअरिंग व टायर, मग इंजिन, रंग शेवटी. ब्रेक ऑइल हवेतील ओलावा शोषते, म्हणून जुने ऑइल बदलावे. ब्रेक व वेल्डिंगचे काम कुशल कारागिराकडूनच करवून घ्यावे.

पत्र्याचा गंज मात्र घरी काढता येतो. पावसाळा संपल्यावर तारेच्या ब्रशाने व काचकागदाने लोखंड उजळेपर्यंत घासावे आणि त्याच दिवशी रेड ऑक्साइड प्रायमर लावावा. गंजावरच रंग दिल्यास आत गंज वाढतच राहतो. गाडीखाली शिरताना केवळ जॅकवर विसंबू नये. भक्कम ठोकळे लावावेत.

आठ वर्षांवरील मालवाहू गाडीस दरवर्षी योग्यता प्रमाणपत्र घ्यावे लागते. त्याची मुदतही सौद्यापूर्वीच पाहावी. भरल्या गाडीचा भार चेसिस पेलते, रंग नव्हे.