ध्येयवाक्य कसे लिहावे?

अभ्यासक्रमाचे ध्येयवाक्य लिहिताना 'सर्वांगीण विकास' हे शब्द आम्ही प्रथम बाजूस ठेवतो; कोणत्याही शाळेच्या फलकावर ते शोभतात. १९५० साली बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेस महाविद्यालय काढले. त्यास पुढे मिलिंद हे नाव लाभले. भिक्खू नागसेनांना प्रश्नांमागून प्रश्न विचारणाऱ्या ग्रीक राजाचे हे नाव! विद्यार्थ्याने काय करावे, ते त्या एका शब्दात आले.

पाथरीच्या आपल्या शाळेसाठी आम्ही असे लिहू: 'आई-वडील ऊसतोडीस गेले असता येथे राहून शिकलेला विद्यार्थी दहावीनंतर गावाच्या बैठकीत निर्भयपणे प्रश्न विचारील, आणि उत्तर पटल्यास स्वतःचे मत बदलील.' हे घडले की नाही, ते कोणताही पालक पाहू शकतो. वर्षअखेरीस त्यांनी हे वाक्य हाती घेऊन आम्हांस जाब विचारावा.