खोक्यावरचा आकडा आणि हाताचं माप

गेमिंगसाठी माउस घ्यायला निघालेल्या प्रत्येकाला मी एकच गोष्ट आधी सांगतो: खोक्यावर सर्वांत ठळक छापलेला आकडा पाहून माउस ठरवू नका. हा आकडा बहुतेक वेळा डीपीआयचा असतो. बारा हजार, सोळा हजार, सव्वीस हजार, आता तर त्याच्याही पुढे. दुकानदार त्याच्याच जोरावर किंमत पटवून देतो आणि घेणाऱ्याला वाटतं की आकडा जितका मोठा, तितका नेम अचूक. माउसवरचे पैसे वाया जातात ते मुख्यतः या समजुतीपायी. इतकी वर्षं हे माउस आणि ते घेणारे पाहून माझं मत पक्कं झालं आहे. माउस हाताच्या मापाने निवडावा, बटणं किती टिकतील हे पाहून निवड पक्की करावी आणि सेन्सरचे आकडे फक्त कच्चा माल बाजूला काढण्यापुरते वापरावेत. यात माझ्या आवडीनिवडीचा संबंध नाही. साधा गुणाकार-भागाकार येणाऱ्या कुणालाही हे ताडून पाहता येईल.

माउसच्या पोटात एक बारीक कॅमेरा असतो, तोच त्याचा सेन्सर. खालच्या पृष्ठभागाची तो सेकंदाला हजारो चित्रं घेतो आणि लागोपाठच्या दोन चित्रांतला फरक पाहून माउस कुठे आणि किती सरकला ते ठरवतो. एक इंच सरकल्यावर तो संगणकाला जितके टप्पे कळवतो, तो त्याचा डीपीआय. विंडोजमध्ये पॉइंटरची गती मधल्या खुणेवर असेल आणि हाताच्या वेगाप्रमाणे ती बदलणारी सोय बंद असेल तर एक टप्पा म्हणजे एक पिक्सेल. त्यामुळे 1920 पिक्सेल रुंदीची स्क्रीन एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पार करायला 800 डीपीआयवर 2.4 इंच, म्हणजे सुमारे सहा सेंटिमीटर हात सरकवावा लागतो. 16,000 डीपीआयवर तेच अंतर तीन मिलिमीटरांत संपतं आणि 26,000 वर दोन मिलिमीटरही लागत नाहीत. इतक्या कमी जागेत कुणाचाही हात नेमक्या ठिकाणी थांबू शकत नाही. गेममध्येही हिशेब हाच. काउंटर-स्ट्राइकमध्ये सेन्सिटिव्हिटी 1 असेल तर एका टप्प्याला खेळाडूची नजर 0.022 अंश वळते, म्हणजे पूर्ण गिरकीला साधारण 16,364 टप्पे लागतात. 800 डीपीआयवर त्यासाठी माउस साडेवीस इंच सरकवावा लागतो, 16,000 वर जेमतेम एक इंच. मग खेळणारा काय करतो? सेन्सिटिव्हिटी 0.05 वर आणतो आणि पुन्हा त्याच साडेवीस इंचांवर येऊन पोहोचतो. शेवटी हाताला जाणवतो तो या दोन आकड्यांचा गुणाकार, आणि तो कुठल्याही माउसवर हवा तसा जुळवता येतो.

जगातले अव्वल खेळाडू काय करतात, यावरूनही हेच दिसतं. नेमबाजीच्या खेळांतल्या व्यावसायिक खेळाडूंची सेटिंग्ज जाहीर असतात आणि त्यांत 400, 800 आणि 1600 हेच आकडे पुन्हा पुन्हा येतात. ‘सिंपल’ या नावाने ओळखला जाणारा युक्रेनचा काउंटर-स्ट्राइक खेळाडू ओलेक्सांद्र कोस्तिलिएव्ह वर्षानुवर्षं 400 डीपीआयवर खेळत आला आहे. यावर एक आक्षेप घेतला जातो आणि तो खोटा नाही. डीपीआय जास्त असला की टप्पे बारीक होतात आणि हालचालीची पहिली खबर संगणकाला लवकर मिळते. पण किती लवकर, ते मोजू. हात सेकंदाला एक इंच अशा संथ गतीने हलला तर 400 डीपीआयवर पहिला टप्पा अडीच मिलिसेकंदांनी कळतो, 1600 वर सुमारे 0.6 मिलिसेकंदांनी. हा फायदा खरा आहे, म्हणून 800 किंवा 1600 ठेवून गेममधली सेन्सिटिव्हिटी त्या प्रमाणात कमी करावी, असंच मी सुचवेन. 1600 पासून थेट 26,000 वर गेलं तरी आणखी वाचतं ते अर्ध्या मिलिसेकंदाच्या आसपास. डोळ्याने पाहून बोटाने बटण दाबेपर्यंत माणसाला सुमारे 200 मिलिसेकंद लागतात. त्या अर्ध्या मिलिसेकंदासाठी हजारो रुपये मोजणं कुठल्याच हिशेबात बसत नाही.

याचा अर्थ सगळे सेन्सर सारखेच असतात, असा मात्र घेऊ नये. एक किमान पातळी आहे आणि तिच्याखालचा माउस खरोखर दगा देतो. ही पातळी डीपीआयवरून कळत नाही. ती कळते आयपीएसवरून, म्हणजे सेकंदाला किती इंच वेगापर्यंत सेन्सरचा माग सुटत नाही त्यावरून. स्वस्त माउसमध्ये हा आकडा तीस-साठच्या घरात असू शकतो. साठ आयपीएस म्हणजे सेकंदाला दीड मीटर. कमी सेन्सिटिव्हिटीवर खेळणारा माणूस मागे वळायला झटक्यात हात फिरवतो तेव्हा हा वेग सहज ओलांडला जातो. सेन्सर गोंधळतो आणि ऐन चकमकीत नजर आकाशाकडे किंवा जमिनीकडे भिरकावली जाते. उलट पिक्सआर्ट कंपनीचा पीएमडब्ल्यू 3360 हा काही वर्षांपूर्वीचा सेन्सर 250 आयपीएसचा आहे, म्हणजे सेकंदाला सहा मीटरांहून अधिक. त्याच कंपनीचा नवा पीएडब्ल्यू 3395 तर 650 आयपीएसचा. हाताला या दोघांमधला फरक कळण्याचं कारण नाही, पण साठ आणि अडीचशेमधला फरक पहिल्याच झटक्याला कळतो. आणखी एक सावधगिरी हवी. काही स्वस्त माउसच्या खोक्यावरचा मोठा डीपीआय सेन्सरचा स्वतःचा नसतो. मूळचे कमी टप्पे आकडेमोडीने दुप्पट करून तो दाखवलेला असतो. त्यात नवी माहिती काहीच येत नाही, फक्त उड्या मोठ्या होतात. म्हणून सेन्सरचं नाव विचारावं. ते कुठेच दिलेलं नसेल तर असा माउस यादीतून काढून टाकावा.

डीपीआयनंतर भुरळ घालणारा दुसरा आकडा पोलिंग रेटचा, म्हणजे माउस संगणकाला सेकंदाला किती वेळा खबर देतो त्याचा. साध्या माउसचा तो 125 हर्ट्झ असतो, म्हणजे दर आठ मिलिसेकंदांनी एक खबर. 1000 हर्ट्झवर हे अंतर एका मिलिसेकंदावर येतं आणि ही सुधारणा घेण्याजोगी आहे. आता 8000 हर्ट्झचे माउस मिळतात, त्यांचं अंतर 0.125 मिलिसेकंद. त्यासाठी प्रोसेसरवर भार वाढतो, वायरलेस माउसची बॅटरी लवकर उतरते आणि हाती येतो तो एका मिलिसेकंदापेक्षाही कमी वेळ. ‘स्पर्धेत प्रत्येक मिलिसेकंद मोलाचा असतो’ हा युक्तिवाद मला मान्य आहे आणि तो गंभीरपणेच घ्यायला हवा. पण मग मिलिसेकंद जिथे सर्वांत स्वस्त मिळतात तिथून सुरुवात करावी. 60 हर्ट्झचा मॉनिटर दर 16.7 मिलिसेकंदांनी नवं चित्र दाखवतो, 144 हर्ट्झचा दर 6.9 मिलिसेकंदांनी. व्हॅलोरंट या गेमचे सर्व्हर मुंबईत आहेत, पण घरातलं वायफाय डळमळीत असेल तर पुण्यात बसूनही पिंग, म्हणजे सर्व्हरपर्यंत जाऊन परत येण्याचा वेळ, क्षणाक्षणाला उड्या मारतो आणि साध्या लॅन केबलने तो स्थिरावतो. या दोन गोष्टी झाल्याशिवाय 8000 हर्ट्झचा विचार करू नये.

आता येतो तो भाग, जो खोक्यावर कधीच छापलेला नसतो. चप्पल घेताना आपण पाय घालून पाहतो, कातड्याची जाडी मिलिमीटरमध्ये विचारत नाही. माउसचंही तसंच असायला हवं. माउस धरण्याच्या ढोबळ तीन पद्धती आहेत. पाम ग्रिपमध्ये पूर्ण तळवा माउसच्या पाठीवर टेकतो, क्लॉ ग्रिपमध्ये तळव्याचा मागचा भाग टेकतो आणि बोटं कमानीसारखी उभी राहतात, फिंगरटिप ग्रिपमध्ये फक्त बोटांची टोकं लागतात. तळवा टेकवणाऱ्याला लांब आणि उंच पाठीचा माउस लागतो, बोटांवर खेळणाऱ्याला आखूड आणि बुटका. मनगटाच्या रेघेपासून मधल्या बोटाच्या टोकापर्यंतची लांबी आणि बोटांच्या मुळाशी तळव्याची रुंदी पट्टीने मोजावी. कंपन्या माउसची लांबी, रुंदी आणि उंची मिलिमीटरमध्ये देतात. आपण रोज वापरतो तो माउसही मोजावा, त्यात काय टोचतं ते लिहून ठेवावं आणि मग नव्या माउसचे आकडे त्याच्याशेजारी मांडावेत. लहान हाताला मोठा माउस दिला तर क्लिकसाठी बोटं ताणावी लागतात. मोठ्या हाताला लहान माउस दिला तर करंगळी आणि अनामिका पॅडवर घासत राहतात आणि पकड आवळली जाते. डावखुऱ्यांनी आणखी एक बाब पाहावी: दोन्ही बाजूंनी सारख्या दिसणाऱ्या अनेक माउसना बाजूची बटणं मात्र फक्त डाव्या अंगाला, उजव्या हाताच्या अंगठ्यासाठी असतात.

‘हाताला सवय होते, कुठलाही माउस चालतो’, असं यावर म्हटलं जातं. सवय होते हे खरंच आहे. पण न बसणाऱ्या माउसची सवय म्हणजे तो घट्ट आवळून धरण्याची सवय, आणि आवळलेल्या हाताला बारीक हालचाल जमत नाही. तासन्‌तास तसंच खेळलं तर मनगट आणि कोपरापर्यंतचे स्नायू दुखायला लागतात. बोटांना मुंग्या येणं किंवा बधिरपणा जाणवणं सुरू झालं तर माउस बदलण्याच्या आधी डॉक्टरांना दाखवावं. दुसरा आक्षेप वजनाचा. पूर्वी गेमिंग माउस शंभर ग्रॅमच्या पुढे असणं नेहमीचं होतं, आता साठ ग्रॅमच्या आसपासचे मिळतात. हलका माउस हलवायला आणि थांबवायला कमी जोर लागतो, विशेषतः ज्यांना तो वरचेवर उचलून ठेवावा लागतो त्यांना. पण ग्रॅम मोजायचे ते आकार जुळल्यावर. हाताला बसणारा ऐंशी ग्रॅमचा माउस न बसणाऱ्या पन्नास ग्रॅमच्या माउसपेक्षा केव्हाही बरा. आणि एखादा नामांकित खेळाडू तोच माउस वापरतो म्हणून तो घेऊ नये. त्याचा हात वेगळा असतो आणि अनेकांच्या बाबतीत माउस प्रायोजकाचा असतो.

आकार ठरला की बटणांकडे वळावं, कारण गेमिंग माउस सहसा सेन्सर बिघडून जात नाही, तो डबल क्लिकने जातो. साध्या यांत्रिक स्विचमध्ये धातूची बारीक पट्टी दुसऱ्या धातूला टेकते. वापराने पट्टीचा ताण कमी होतो, टेकण्याच्या जागी झीज होते, थर चढतो आणि एकदा दाबलेलं बटण संगणकाला दोनदा दाबल्यासारखं कळतं. खोक्यावरचे दोन कोटी, पाच कोटी क्लिकचे दावे प्रयोगशाळेतल्या ठरावीक परिस्थितीतले असतात, ते घरच्या वापराची हमी देत नाहीत. ऑप्टिकल स्विचमध्ये धातूचा संपर्क होण्याऐवजी प्रकाशाचा किरण अडतो किंवा सुटतो, त्यामुळे हा दोष त्यात उद्भवत नाही. यांत्रिक स्विचचाच माउस घ्यायचा असेल तर वॉरंटी किती वर्षांची, डबल क्लिक तीत धरला जातो का आणि बदलून घ्यायला माउस कुठे पाठवावा लागतो, हे आधी विचारावं. मुंबई, कोकण आणि गोव्यात राहणाऱ्यांनी मऊ रबरी लेप असलेला माउस टाळावा. उष्ण, दमट हवेत आणि घामाने तो लेप कालांतराने चिकट होतो.

वायरलेसबद्दलची जुनी भीती आता सोडून द्यायला हरकत नाही, मात्र 2.4 गिगाहर्ट्झचा डोंगल वापरावा. ब्लूटूथ कार्यालयीन कामाला पुरतं, खेळाला मंद पडतं. डोंगल संगणकाच्या मागे यूएसबी 3.0 च्या पोर्टाशेजारी खोचू नये. त्या पोर्टातून होणारा गोंगाट 2.4 गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात येतो, हे इंटेलने 2012 मध्येच एका तांत्रिक टिपणात मांडलं होतं. एक्स्टेन्शन केबलने डोंगल माउसजवळ आणला की अडखळण्याच्या बऱ्याच तक्रारी मिटतात. पैसे मोजके असतील तर वायरचा माउस घ्यावा. त्याच किमतीत सेन्सर आणि स्विच अधिक चांगले मिळतात. घरी आणल्यावर विंडोजमधलं ‘एन्हान्स पॉइंटर प्रिसिजन’ बंद करावं. ते चालू असलं की हाताच्या वेगाप्रमाणे पॉइंटरची गती बदलते आणि अंतराचा अंदाज हातात बसत नाही. मग एक सेन्सिटिव्हिटी ठरवून तिच्यावर काही आठवडे टिकून राहावं. रोज सेटिंग बदलणाऱ्याला कुठलाच माउस नेम शिकवू शकत नाही.

शेवटचा आक्षेप व्यवहाराचा आहे. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर दोन-चार दुकानं फिरून माउस हातात घेऊन पाहता येतो, तालुक्याच्या गावी ते कसं जमावं? हा प्रश्न रास्त आहे, आणि मी मापाचा इतका आग्रह धरतो तो त्यासाठीच. ज्याला माउस हाताळता येत नाही त्याला पट्टीचा आधार अधिक लागतो. मित्रांकडचे माउस धरून पाहावेत, त्यांची मापं टिपावीत, आणि ऑनलाइन घेताना परत करण्याची अट नीट वाचून त्या मुदतीत रोज खेळून निर्णय घ्यावा. मोठा आकडा छापता येतो, म्हणून तो विकला जातो. माउस हाताला बसतो की नाही, हे कुठल्याही कंपनीला छापता येत नाही, कारण ते प्रत्येक हाताबरोबर बदलतं. तेवढा भाग विकत घेणाऱ्याने स्वतःच तपासायचा असतो, आणि खेळातला फरक सर्वांत जास्त त्याच भागाने पडतो.