बांधावरची दुरंगी बाभूळ

प्रश्न : आदिलाबादजवळ शेताच्या बांधावर काटेरी झुडूप आहे. फुलाचा तुरा अर्धा गुलाबी, अर्धा पिवळा. ही वेडी बाभूळ का? तोडावी का?

उत्तर : नाही, तोडू नका! वेडी बाभूळ अमेरिकेतून आलेली. ही आपलीच दुरंगी बाभूळ, म्हणजे सिगमकाटी. लोंबता तुरा जवळून पाहा : देठाकडची गुलाबी फुले वांझ, टोकाकडची पिवळी फलधारी. पैनगंगेच्या दोन्ही तीरांवरची सागाची विरळ राने, माळ, पडीक जमीन हे तिचे घर. ऊन हवे, दाट सावली सोसत नाही. मुळांवरच्या गाठींमुळे जमिनीला नत्र मिळते. वेटोळ्या शेंगा शेळ्या आवडीने खातात, बीही पसरवतात. बुंध्याशी तोडलीत तर मुळांतून धुमारे फुटून जाळी उलट दाटेल. पिकात शिरणारे कोवळे धुमारे तेवढे मुळासकट उपटा.