स्मरणशक्तीच्या गोळ्या : विकत घेण्यापूर्वी

परीक्षांचे दिवस जवळ आले, की ‘बुद्धिवर्धक’ उत्पादनांच्या जाहिराती वाढू लागतात. मुलांसाठी सिरप, नोकरदारांसाठी कॅप्सूल, वृद्धांसाठी चूर्ण. आपल्या घरी यांपैकी काही येणार असेल किंवा आलेले असेल, तर पुढील माहिती अवश्य वाचावी.

अशी पुष्कळ उत्पादने ‘आरोग्यपूरक’ म्हणून विकली जातात, औषध म्हणून नव्हे. नव्या औषधाचा गुण रुग्णांवरील चाचण्यांत सिद्ध करावा लागतो. पूरकांना तशी अट नाही. म्हणूनच त्यांच्या वेष्टनावर ‘औषधी उपयोगासाठी नाही’ अशा अर्थाची सूचना छापणे बंधनकारक आहे. अक्षरे बारीक असतात. चष्मा लावून शोधावी.

गिंको या वनस्पतीच्या अर्काचेच पाहा. अमेरिकेत ७५ वर्षे व त्यापुढील वयाच्या ३,०६९ व्यक्तींपैकी काहींना हा अर्क व इतरांना तशीच दिसणारी निर्गुण गोळी अनेक वर्षे देण्यात आली. २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाला : अर्कामुळे स्मृतिभ्रंशाचे प्रमाण घटले नाही. मात्र वॉरफरिन, ॲस्पिरिन यांसारखी रक्त पातळ ठेवणारी औषधे चालू असताना गिंको घेतल्यास रक्तस्रावाचा धोका वाढू शकतो. ‘कोणती औषधे घेता?’ या प्रश्नाच्या उत्तरात रुग्ण अशी कॅप्सूल बहुधा सांगतच नाहीत. ती औषध वाटत नाही. शस्त्रक्रियेपूर्वी तर ती आवर्जून सांगावी.

ब्राह्मीविषयी काही लहान अभ्यासांत, सुमारे १२ आठवडे नियमित घेतल्यावर, आठवण्याच्या क्षमतेत थोडी सुधारणा दिसली आहे. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात सुरू केलेल्या बाटलीकडून तशी अपेक्षा करता येत नाही. काहींना मळमळ वा जुलाबही होतात.

याहून मोठे नुकसान वेळेचे होते. विसराळूपणाची कित्येक कारणे बरी होणारी असतात : ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, थायरॉइडची मंदावलेली क्रिया, नैराश्य, अपुरी झोप, झोपेच्या गोळ्या. शाकाहारी व्यक्तींत, तसेच मधुमेहासाठी मेटफॉर्मिन दीर्घकाळ घेणाऱ्यांत ब-१२ कमी पडण्याचा संभव अधिक असतो. साध्या रक्ततपासणीने ती कमतरता कळते व उपचारही सोपा आहे. परंतु उशीर झाल्यास मज्जातंतूंची हानी कायमची राहू शकते. ‘मेंदूच्या टॉनिक’वर सहा महिने काढणाऱ्या आजोबांचे हेच सहा महिने मोलाचे असतात. आणि जीवनसत्त्व म्हणजे निर्धोक, असेही नाही : ब-६ अधिक मात्रेत दीर्घकाळ घेतल्यास हातापायांना बधिरता येते.

मुलाचे अभ्यासात लक्ष लागत नसेल, तर प्रथम त्याची झोप, दृष्टी व रक्तातील हिमोग्लोबिन तपासून घ्यावे. शाळेत दर आठवड्याला मिळणारी लोहाची गोळी (लहान मुलांना गुलाबी, किशोरवयीनांना निळी) घरी टाळू देऊ नये. एकाग्रतेसाठी मित्राकडून मिळालेली, डॉक्टरांच्या चिठ्ठीवरची गोळी मात्र मुळीच घेऊ नये. तिने हृदयाची गती व रक्तदाब वाढू शकतो.

अचानक गोंधळणे, जीभ अडखळणे किंवा चेहरा एका बाजूस वाकडा होणे ही पक्षाघाताची लक्षणे असू शकतात. अशा वेळी क्षणाचाही विलंब न करता १०८ वर दूरध्वनी करावा.

आरोग्य केंद्रात येताना घरातील सर्व बाटल्या व पुड्या सोबत आणाव्यात, अर्धवट संपलेल्यादेखील. डॉक्टरांनी लिहून दिलेले औषध आपणहून बंद करू नये. औषधाचा दुष्परिणाम जाणवल्यास १८००-१८०-३०२४ या निःशुल्क क्रमांकावर कळवावे.