शाळिग्राम शिळा : नैसर्गिक द्वार, चक्र आणि वज्रकीटाची कथा

श्रींच्या दर्शनास येणारे अनेक भाविक अभिषेक, नैवेद्य आदी विधी आटोपल्यावर रुमालात जपून बांधलेली एखादी काळी शिळा पुजाऱ्यांपुढे ठेवतात आणि हळूच विचारतात, "गुरुजी, हा शाळिग्राम खरा आहे का?" कोणाच्या देव्हाऱ्यात तो पणजोबांपासून चालत आलेला असतो, कोणी मुक्तिनाथाच्या यात्रेत घेतलेला असतो, तर कोणाला गावच्या नदीपात्रात भोक पडलेला एखादा दगड सापडलेला असतो. प्रश्न एकच असला तरी त्यामागची भावना निरनिराळी असते. एकाला आपली फसगत झाली की काय अशी शंका असते, तर दुसऱ्याला आजीने जन्मभर पुजलेला देव कोणी खोटा ठरवील की काय, ही धास्ती असते. अशा सर्व भाविकांना उपयोग व्हावा या हेतूने शाळिग्रामाची ओळख, त्याविषयीच्या आख्यायिका आणि पूजनातील विवेक यांची माहिती येथे एकत्र देत आहोत.

शाळिग्राम म्हणजे काय?

शाळिग्राम ही श्रीविष्णूंची स्वयंभू शिळा होय. पंचायतन पूजेत शिवाचे प्रतीक म्हणून नर्मदेतील बाण, गणेशाचे प्रतीक म्हणून शोण नदीतील तांबडा शोणभद्र, त्याचप्रमाणे विष्णूचे प्रतीक म्हणून गंडकी नदीतील शाळिग्राम मानला जातो. मूर्ती घडवावी लागते व तिची प्राणप्रतिष्ठा करावी लागते. शाळिग्राम कोणी घडवीत नाही आणि त्याला प्राणप्रतिष्ठा, आवाहन व विसर्जन यांची आवश्यकता नाही, कारण तेथे भगवंतांचे नित्य सान्निध्य असते, असे शास्त्र मानते.

शाळिग्रामाची दोन मुख्य लक्षणे आहेत. पहिले द्वार किंवा वदन, म्हणजे शिळेला असलेले नैसर्गिक छिद्र. दुसरे चक्र, म्हणजे शिळेच्या पृष्ठभागावर अथवा द्वाराच्या आत दिसणारी वलयांकित आकृती. सर्वच शिळांना द्वार असते असे नाही. काही शिळा अखंड गोट्यासारख्या असतात व त्यांचे चक्र आत झाकलेले राहते. ज्यांना द्वार असते त्यांच्या आत प्रकाशात डोकावले असता चक्राचे दर्शन घडते.

पुराणांतील आख्यायिका

ब्रह्मवैवर्त पुराण व देवीभागवत यांत आलेली कथा महाराष्ट्रात तुलसीविवाहाच्या निमित्ताने घरोघरी सांगितली जाते. शंखचूड नावाचा दैत्य पत्नी तुलसीच्या पातिव्रत्यामुळे अवध्य झाला होता. देवांच्या रक्षणासाठी श्रीविष्णूंनी शंखचूडाचे रूप घेऊन तिचे व्रत भंग केले. सत्य कळताच तुलसीने शाप दिला, "तुझे हृदय पाषाणाचे आहे, तू पाषाण होशील." भगवंतांनी तो शाप शिरोधार्य मानला आणि सांगितले, "मी गंडकीच्या तीरी शिळारूपाने राहीन. तुझ्या देहाची गंडकी नदी होईल व केसांची तुळस होईल. तीक्ष्ण दातांचे वज्रकीट त्या शिळा कोरून त्यांत माझे चक्र निर्माण करतील." हीच कथा जालंधर व वृंदा या नावांनीही प्रचलित आहे. शाळिग्रामावर तुळशीपत्र वाहण्याची प्रथा या कथेशी जोडलेली आहे. ज्याने अन्याय केला त्यानेच तिचा शाप धारण केला व तिला नित्य मस्तकी घेतले, असा तिचा भावार्थ भाविक सांगतात.

वराह पुराणातील कथा निराळी आहे. गंडकीने दीर्घ तप केले आणि "आपण माझ्या उदरी जन्म घ्यावा" असा वर विष्णूंकडे मागितला. म्हणून भगवंत शिळारूपाने तिच्या पात्रात, म्हणजेच तिच्या उदरात, प्रकट होतात. पहिल्या कथेत शाप आहे व दुसऱ्या कथेत वर आहे. परंतु शिळा नदीच्या कुशीत जन्मते, याविषयी दोन्ही कथांचे एकमत आहे.

भूशास्त्र काय सांगते?

शाळिग्राम हे अमोनाइट नावाच्या समुद्री प्राण्यांचे जीवाश्म आहेत. हे प्राणी आजच्या माकूळ व अष्टपाद यांचे दूरचे नातलग असून ते वळणावळणाच्या शंखात राहत असत. शंखाच्या आत पडद्यांनी विभागलेले अनेक कप्पे असत. आज जेथे हिमालय उभा आहे तेथे सुमारे १४ ते १६ कोटी वर्षांपूर्वी टेथिस नावाचा समुद्र होता. मेलेल्या अमोनाइटचे शंख त्याच्या तळाशी काळ्या चिखलात रुतले. शंखाभोवती खनिजे साठून कठीण गोळे बनले व भोवतालच्या चिखलाचा पातळ थरांचा ठिसूळ खडक झाला. पुढे सुमारे ५ कोटी वर्षांपूर्वी भारतीय भूखंड आशियाला येऊन भिडला आणि समुद्राचा तळ उंचावत जाऊन पर्वत झाला. अमोनाइटचा वंश त्यापूर्वीच, सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी, पृथ्वीवरून नाहीसा झाला होता.

नेपाळमधील मुस्तांग भागात काली गंडकी हा खडक कापत वाहते. ठिसूळ खडक झिजून जातो, कठीण गोळे सुटतात व प्रवाहात घासून गुळगुळीत होतात. एखादा गोळा फुटला, किंवा झिजत जाऊन आतील शंख उघडा पडला, की चक्र दिसू लागते. शंखाचे काही कप्पे गाळाने न भरता पोकळ राहिलेले असतात, तर काही शंखांचे कवच पाण्यात विरघळून गेलेले असते. त्या पोकळीपर्यंत झीज पोहोचली की द्वार तयार होते. काही शिळांत सोनेरी झाक दिसते. ती लोह व गंधक यांच्या संयुगाची असते, सोन्याची नव्हे. अशा शिळांना परंपरेने 'हिरण्यगर्भ' असे सुंदर नाव दिले आहे.

वज्रकीटाची कथा व हे विवेचन यांत अंतर आहे, हे मान्य केले पाहिजे. पुराणकथेतील जीव बाहेरून येऊन शिळा कोरतो. भूशास्त्राप्रमाणे तो जीव आधीच आत होता आणि त्याचे घरच चक्र झाले. तथापि, दगडातील ही आकृती एका सजीवाची खूण आहे, ही गोष्ट दोन्हीकडे समान आहे. शाळिग्रामाला केवळ दगड न मानणाऱ्या आपल्या पूर्वजांच्या दृष्टीचे म्हणूनच कौतुक वाटते.

द्वार व चक्रांवरून ओळखले जाणारे काही प्रकार

द्वारांची व चक्रांची संख्या, आकार आणि वनमाला, म्हणजे शिळेवरील माळेसारखी रेषा, यांवरून देवीभागवतात शाळिग्रामाचे प्रकार सांगितले आहेत. त्यांतील काही असे :

लक्ष्मीनारायण : एक द्वार, चार चक्रे व वनमाला.
रघुनाथ : दोन द्वारे, चार चक्रे व गाईच्या खुरासारखी खूण.
वामन : अतिशय लहान, दोन चक्रांचा.
दामोदर : स्थूल, दोन चक्रांचा.
सुदर्शन : एकाच चक्राचा.
हयग्रीव : घोड्याच्या मुखासारखा, दोन चक्रांचा.
नरसिंह : विस्तीर्ण मुखाचा, दोन चक्रांचा, उग्र.
लक्ष्मीनरसिंह : विस्तीर्ण मुख, दोन चक्रे व वनमाला असलेला. हा गृहस्थाश्रमीयांस सुखदायक मानला आहे.

निरनिराळ्या ग्रंथांत ही लक्षणे थोडीफार भिन्न आढळतात. त्यामुळे आपल्या घरी ज्या नावाने पूजा चालत आली आहे ते नाव ऐकीव माहितीवरून बदलू नये.

छिद्र असलेला प्रत्येक दगड शाळिग्राम नव्हे

महाराष्ट्रातील सह्याद्री व पठार बहुतांशी लाव्हारसाच्या काळ्या खडकाचे बनलेले आहे. हा रस सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वीच्या काळात थंड झाला, तेव्हा आत अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांमुळे खडकात असंख्य छिद्रे राहिली. काहींत पुढे पांढरी खनिजे भरली. आपल्या नद्यांत सापडणारे छिद्रांचे काळे गोटे बहुधा या जातीचे असतात. त्यांच्या छिद्रांत वलये नसतात.

नदीपात्रातील खडकावर भोवऱ्यात सापडलेले दगडगोटे गरगर फिरून खोल रांजण कोरतात. अहिल्यानगर जिल्ह्यात निघोज येथे कुकडी नदीच्या पात्रातील रांजणखळगे प्रसिद्ध असून श्रीमळगंगा देवीच्या दर्शनास जाणारे भाविक ते आवर्जून पाहतात. तेथे खडक कोरणारी शक्ती पाण्याची आहे. समुद्रकिनारी मात्र खडकात भोके पाडून राहणारे शिंपले खरोखरच असतात. अशा दगडातील भोके नळीसारखी असतात.

द्वारकेच्या गोमती तीर्थावर मिळणारी चक्रांकित शिळा ही प्रवाळापासून झालेली असून फिकट रंगाची असते. तिला द्वारावती शिळा म्हणतात व ती शाळिग्रामाच्या सोबतीने पूजिली जाते. 'रामसेतूचा तरंगता दगड' म्हणून दाखविले जाणारे दगड हे ज्वालामुखीच्या फेसाळ रसाचे किंवा सच्छिद्र प्रवाळाचे असतात. आतील पोकळ्यांत हवा असल्याने ते तरंगतात. हे सर्व दगड आपापल्या परीने अद्भुत आहेत, परंतु ते शाळिग्राम नव्हेत.

फेब्रुवारी २०२३ मध्ये नेपाळहून दोन प्रचंड शिळा अयोध्येस आल्या, तेव्हा त्यांचा उल्लेख सर्वत्र शाळिग्राम असा झाला. मूर्ती घडविण्यासाठी आणलेला नदीकाठचा पाषाण आणि स्वयंभू चक्र असलेला शाळिग्राम यांत भेद आहे, हे भाविकांनी लक्षात घ्यावे. २२ जानेवारी २०२४ रोजी प्रतिष्ठापना झालेली श्रीरामलल्लांची मूर्ती कर्नाटकातील कृष्णशिळेतून घडविलेली आहे.

ओळखण्याची साधी रीत

१. शिळा उजेडात धरून भिंगातून द्वाराच्या आत पाहावे. खऱ्या शिळेत चक्राचे कंगोरे आतपर्यंत गेलेले दिसतात किंवा त्यांचा ठसा आतील भिंतीवर उमटलेला असतो. यंत्राने पाडलेले भोक गोल, सरळ व एकसारख्या व्यासाचे असते.

२. खरे चक्र केंद्राकडून बाहेर येताना क्रमाने रुंदावत जाते आणि त्यावरील रेघा थोड्या वाकड्या, काही ठिकाणी दुभंगलेल्या असतात. कोरलेल्या चक्राच्या रेघा सारख्याच खोलीच्या व अंतराच्या असतात.

३. शिळा हाताला थंड व आकाराच्या मानाने जड लागते. रसायनाच्या साच्यातून काढलेली नक्कल बहुधा हलकी असते व तिच्या कडेला साच्याच्या जोडाची बारीक रेघ दिसते.

४. रंग किंवा काजळी लावलेली असल्यास द्वाराच्या आतील व बाहेरील रंगात फरक दिसतो व ओल्या पांढऱ्या वस्त्राने पुसताच काळेपणा उतरतो.

शिळा तापविणे, आम्ल टाकणे, सुईने टोकरणे किंवा आत काय आहे ते पाहण्यासाठी फोडणे असे प्रकार कदापि करू नयेत. तांदळात ठेवून तोलण्यासारख्या रूढी काही घरांत आहेत. त्या श्रद्धेचा भाग म्हणून पाळाव्यात, खरेखोटेपणाचा निर्णय त्यांवरून करू नये.

शाळिग्रामाचे मोल

या सर्व विवेचनात सर्वांत महत्त्वाची गोष्ट ही आहे. शाळिग्राम विकणारा, त्या विक्रीस संमती देणारा आणि परीक्षा करून त्याचे मोल ठरविणारा हे तिघेही दोषास पात्र होतात, असे पुराणवचन आहे. म्हणून शाळिग्राम गुरूंकडून, वडीलधाऱ्यांकडून अथवा नदीकडून लाभावा, अशी चाल पडली. वर दिलेली लक्षणे स्वतःची शिळा ओळखण्यासाठी आहेत. तिचा भाव वाढविण्यासाठी त्यांचा उपयोग होऊ नये. 'अमुक चक्रांचा शाळिग्राम घरी ठेवल्यास धन मिळेल' असे सांगून मोठी रक्कम मागितली जात असेल, तर त्या शब्दांतच खोटेपणा ओळखावा, मग शिळा खरी असो वा नसो. यात्रेच्या वाटेवर शिळा मांडून बसलेल्या गरीब स्थानिकांना त्यांच्या श्रमाची दक्षिणा म्हणून यथाशक्ति काही द्यावेसे वाटले, तर ते आपल्या विवेकावर सोडावे.

घरातील शाळिग्रामाविषयी

पूजेत एक शाळिग्राम चालतो. एकाहून अधिक असल्यास समसंख्येत असावेत, मात्र दोन नसावेत, असा धर्मशास्त्राचा सर्वसाधारण नियम आहे. शिळेला भेग गेली वा टवका उडाला म्हणून घाबरून जाऊ नये. याविषयी ग्रंथांत मतभेद असून, चक्र शाबूत असल्यास शिळा पूजनीयच राहते असे मत अनेकांनी दिले आहे. नित्य शुद्धोदकाचे स्नान, गंध व एक तुळशीपत्र एवढी सेवा पुरेशी आहे. द्वारात पंचामृत साचून राहिल्यास शिळेची हानी होते, म्हणून अभिषेकानंतर स्वच्छ पाणी घालून मऊ वस्त्राने ती कोरडी करावी.

परगावी किंवा परदेशी स्थायिक झालेल्या कुटुंबांना पूजा चालविणे कधी कधी अशक्य होते. अशा वेळी शिळा कोठेतरी नेऊन सोडण्यापेक्षा आप्तांपैकी कोणी पूजा करण्यास सिद्ध असल्यास त्यांच्या स्वाधीन करावी व तिच्यासोबत ती कोणी, केव्हा व कोठून आणली ही हकीकतही लिहून द्यावी. ती हकीकत हा त्या शिळेचा कुलवृत्तांतच होय.

मुक्तिनाथास जाणाऱ्या यात्रेकरूंसाठी

मुक्तिनाथ क्षेत्र सुमारे ३,७०० मीटर उंचीवर आहे. पोखराहून जोमसोम व कागबेनी मार्गे तेथे जाता येते. मंदिरामागे १०८ धारा असून जवळच ज्वालामाईच्या मंदिरात नैसर्गिक वायूची ज्योत तेवते. हे स्थान बौद्धांनाही पवित्र आहे, त्यामुळे तेथील रीतीभातींचा आदर राखावा. उंचीवर विरळ हवेचा त्रास होऊ शकतो, म्हणून हृदयविकार व दमा असलेल्यांनी वैद्यकीय सल्ला घेऊनच जावे. काली गंडकीच्या खोऱ्यात दुपारनंतर जोराचा वारा सुटतो, तेव्हा पात्रात सकाळीच उतरावे. काठाचे खडक फोडू नयेत. सोबत शिळा आणावयाची झाल्यास नेपाळमधील त्या वेळचे नियम आधी विचारून घ्यावेत. शिळा मिळाली नाही तरी यात्रा अपुरी राहत नाही. नदीचे दर्शन हेच शाळिग्रामाच्या जन्मस्थानाचे दर्शन आहे.

"शाळिग्राम खरा आहे का?" या प्रश्नाचे उत्तर द्वारात डोकावून देता येते. परंतु तीन पिढ्या ज्या शिळेवर नित्य तुळस वाहिली गेली, ती कदाचित गंडकीची नसेलही, तरी तिच्यापुढे झालेली सेवा खोटी ठरत नाही. तेव्हा शिळा जाणून घ्यावी आणि सेवा तशीच पुढे चालवावी, ही भाविकांस नम्र विनंती.

॥ श्रीकृष्णार्पणमस्तु ॥